मागचं डावं चाक

आधी रुपयाएवढा डाग होता.
मग पुरीएवढा. दिवाळीत तर
सोसायटीच्या सेक्रेटरी दाभाडकर बाईंनी
खडूनं त्याच्याभोवती गोल काढला
आणि आत तारीख लिहिली.

मी नाना पेठेतून सील आणलं, एकशे ऐंशीचं,
ते दोन महिने टिकलं.
मग चारशेचं, "ओरिजनल आहे साहेब",
ते पाच आठवडे.
टायरच्या आतल्या अंगानं
नव्वद नंबरचं तेल ओघळत राहिलं
मुरलेल्या लोणच्यासारखं काळपट, आणि वास असा
की शर्टातून जातो, नाकातून जात नाही.

वाकडेवाडीला ब्रेक मारला
तेव्हा गाडी उजवीकडं ओढली गेली.
म्हटलं, आता दस्तगीर.

खडकी बाजारातला दस्तगीर शिकलगार.
वडील कात्र्यांना धार लावायचे,
हा लष्कराच्या लिलावातल्या जीपा उघडतो.
"किती सीलं घातली?"
"दोन."
"कुणाला विचारून?"

घोडा लावला. आठ बोल्ट.
विहिरीतून पोहरा ओढावा तसा हळू
एक्सलचा दांडा बाहेर आला, तेल निथळत.
लॉकनटचा दुमडलेला कान छिन्नीनं सरळ केला.
ड्रम निघाला. ब्रेक शू तेल पिऊन चकाकत होते.

मग त्यानं रॉकेलनं स्पिंडल पुसला,
डोळे मिटले, आणि अंगठ्याचं नख
पोलादावरून सावकाश नेलं.
"इथं. तुम्ही बघा."
माझं नख अडखळलं. केसाएवढी खाच, गोल, सलग.
"ही रबरानं पाडली."
"रबरानं? लोखंडाला?"
"तीस वर्षं एकाच जागी टेकून होतं, साहेब."

नवं सील त्यानं दोन मिलिमीटर अलीकडं बसवलं,
लाकडी ठोकळा ठेवून, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत,
ओठ कोऱ्या पोलादावर येईल असं.
मला वाटलं, झालं.

तो मात्र गाडीखाली सरपटत गेला
आणि एक्सलच्या पाठीवरची
बाटलीच्या बुचाएवढी टोपी काढून घेऊन आला.
ब्रीदर. चिखलानं गच्च.
"तेल तापलं की आत हवा फुगणार. नाक बंद,
मग जिथं कमजोर तिथनं बाहेर.
सील बिचारं काय करणार?
पाण्यात घातली होती कधी?"

घातली होती.
वेल्ह्याच्या पुढं, ऑगस्टात, कानंदी नदीत.
पुढच्या चाकांनाही ओढ लावून मी स्टिअरिंगवर,
आणि शरयू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
बांबूनं खोली मोजत माझ्यापुढं चालली होती,
मागं न बघता हातानं "ये, ये" करत.
पलीकडं पोचल्यावर बॉनेटवर बसून
तिनं चार चिक्क्या खाल्ल्या, मला एक दिली.
पाच पावसाळे झाले.
तिला त्यातला एकच मिळाला.

दस्तगीरला म्हटलं, "एकदाच."

त्यानं दाभणानं टोपी कोरली.
हरभऱ्याएवढा तांबूस खडा
रॉकेलच्या थाळ्यात पडला.
थोडा वेळ तसाच राहिला,
मग कडेनं सुटत सुटत गाळ झाला.
दस्तगीरनं टोपी तोंडाशी धरून फुंकली.
बारीक शिट्टी वाजली.
"बघा, घेतली हवा."
थाळा त्यानं भिंतीकडच्या डब्यात ओतला.

बिलात लिहिलं: सील एक, शू जोडी, तेल दीड लिटर,
ब्रीदर सफाई,
आणि त्याच्यापुढं रकमेच्या जागी रेघ.

आता रोज सकाळी चाकाखालचा पेपर ओढून बघतो.
कोरडा असतो.
खडू पुसला गेला, डाग आहे.
भुसा टाकून झाला, सोडा टाकून झाला.
परवा दाभाडकर बाई वाकून बघत म्हणाल्या,
"आता वाढत नाही ना?"
"नाही."
"मग राहू दे."