पाणी मानवणं

ओटमार पुन्हा रात्री उठलाय.
काचनळीत पाच मिलिलिटर पाणी, वर तीन थेंब,
अंगठ्याने तोंड दाबून हलवतो
आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरतो.
निळं.
मी पलंगावरूनच विचारते, किती?
सात पूर्णांक आठ, तो म्हणतो,
जसा घरात कुणाचा ताप सांगावा.

एकतीस वर्षं याने खाणीत चुनखडी फोडली.
कॉलरला चुना, भुवयांना चुना,
पावाच्या डब्याच्या बिजागरीत चुना.
आता तोच चुना नळाच्या पाण्यातून
हुसकून लावायला बसलाय,
कारण जीव जडला तो नेमका
रिओ नेग्रोच्या माशांवर:
करंगळीएवढे कार्डिनल टेट्रा,
पानं कुजून कोऱ्या चहासारख्या झालेल्या
नदीचे नातलग.

संध्याकाळी आम्लाचे थेंब टाकले की आकडा उतरतो,
सकाळी पुन्हा जागच्या जागी.
आमच्या आल्ब डोंगराचं पाणी
माझ्या सासूबाईंसारखं:
सगळं ऐकून घेतं, मान हलवतं,
करतं आपल्या मनाचं.

मग पीटची पिशवी आली, आल्डरची बोंडं,
ओकची सुकी पानं, छपराखाली निळं पिंप.
मार्चमध्ये त्याने घाई केली.
जवळजवळ सगळी टाकी एका दमात
पावसाच्या पाण्याने भरली.
त्या पाण्यात आम्लाला अडवणारं
काहीच नव्हतं.
आकडा उतरला नाही,
जिन्यावरून गडगडला.

"एक अंक म्हणजे दहापट," हातात जाळी धरून
तो मला सांगत होता, "दोन म्हणजे शंभरपट."
एकोणिसातले अकरा उरले.
आठ त्याने वर्तमानपत्रात गुंडाळले,
कोबीच्या वाफ्यात पुरले,
आणि फावडं न धुताच ठेवलं.
हे त्याच्याकडून कधी होत नाही.

पुढच्या खेपेचे मासे आणले तेव्हा
बारीक नळीला गाठ मारून
टाकीतलं पाणी बादलीत सोडत बसला,
सेकंदाला दोन थेंब, दोन तास.
मी बटाटे सोलत बघत होते.

मी इथे आले तेविसाव्या वर्षी,
श्वार्त्सवाल्डमधून, ग्रॅनाइटच्या पाण्यातून.
इथे साबणाला फेस येईना,
केसांचा झाला काथ्या,
चहावर साय धरायची, दुधाशिवाय.
"मानवेल हळूहळू," म्हणाल्या होत्या सासूबाई.
कुणी नळी लावली नाही.
गाठ मारून थेंब मोजले नाहीत.
एका रविवारी ओतलं, झालं.

हे मी बोलले नाही.
एक बटाटा जरा जास्तच सोलला गेला.

ऑक्टोबरात तो आपणहून म्हणाला,
मासे तुझ्या भावाकडे देऊ.
थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन
तीन तास मी मोटारीत बसले,
वळणावर पेटी हलू नये म्हणून
श्वासही बेतानेच.

वेन्डेलिनच्या नळाचं पाणी: साडेसहा.
ओटमारने दोनदा मोजलं.
दुसऱ्यांदा नळी माझ्या हातात दिली.
पिवळट, कोवळ्या लिंबाच्या सालीसारखं.
मासे टाकीत गेले
आणि तासाभरात त्यांचा तांबडा असा पेटला
की चौदा महिन्यांत आम्ही तो पाहिलाच नव्हता
हे दोघांनाही कळलं.
ओटमार चष्मा पुसत राहिला.

मी ग्लास भरून घेतला.
माझ्या लहानपणाचं पाणी.
एक घोट. मग आणखी एक, खात्रीसाठी.
फिक्कं लागलं.
कुणीतरी काहीतरी घालायला विसरल्यासारखं.
ग्लास उजेडाकडे धरून बघितला, उगाच.

परतताना तो सांगत होता,
टांगानिका सरोवरात बोटभर मासे असतात,
गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत संसार करतात,
त्यांना म्हणे आपलंच पाणी लागतं,
जड, चुन्याचं.
बघू, मी म्हटलं.

घरी पोचल्यावर किटली ठेवली.
तिच्या तळाचे पांढरे पापुद्रे
पाण्यात खडखडले.
सिरक्याची बाटली समोरच होती.
राहू दे, म्हटलं,
आणि कप दोन काढले.