सव्वासहापर्यंत

थिएटरमधून बर्फात आलं ते,
दोन बोटं लांब, फिकट गुलाबी,
गाठीपासून वीतभर दूरचं,
म्हणजे निरोगी.
म्हणजे एरवी बादलीत गेलं असतं.

डबीवर नाव नाही. अकरा, एवढंच.

चरबी सोडवली, आतलं अस्तर अलगद काढलं,
स्नायूची पट्टी कापून दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधला.
गाठ माझ्या बाबांची.
रायबंदरला जन्मभर जाळी विणली त्यांनी,
भिजेल तशी घट्ट होते.

काचेच्या नळीत सदतीस अंशांचं खारं पाणी,
तळातून बुडबुडे.
तासभर नुसती सरळ रेघ.
घाई नको, त्याला सावरू दे, म्हणाले सर, आणि चहाला गेले.
बाहेर बांबोळीच्या चढावर बसगाड्या गिअर बदलत होत्या.

मग रेघ उचलली.
स्वतःहून. मिनिटाला तीनदा,
वरून अजून काही येणार असल्यासारखी.

अ‍ॅसिटिलकोलीनचे दहा मायक्रोलिटर:
आवळलं असं की रेघ कागद ओलांडते की काय.
धुतलं. थांबले. पुन्हा धुतलं.
मग ते नवं, कळ थांबवणारं,
ज्याला अजून आकड्यांखेरीज नाव नाही.
त्यावर पुन्हा पहिलंच.
वहीत लिहिलं: निम्मं.

आई फोनवर म्हणते, आतडं तुटतं गं तुझ्यासाठी.
मी हूं म्हणते
आणि डोळे नळीवर.

चौथ्या दिवशी संमतीच्या एका पानावर सही राहिली होती.
वॉर्डात गेले. चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकणारा माणूस,
तुळशीदास, नाकात नळी.
सही करता करता विचारलंन,
“जिवें आसा तें?”
त्या दिवशी सव्वासहापर्यंत हललं, मी म्हटलं.
तो छताकडे बघत राहिला.
“हांव तेन्ना न्हिदिल्लों.”

मग, बांधलं कशानं?
मी चादरीचा सुटा धागा ओढून गाठ दाखवली.
सलाईनच्या हातानं त्यानं ती चाचपली, नखानं उकलली,
आपली मारून दिली.
ही धरते, म्हणाला,
पण एक टोक ओढलं की सुटते.
बोट धक्क्याला कायमची थोडीच बांधायची असते.

उद्या बारा नंबर येणार आहे.
रेशमाचं रीळ टेबलावर आहे.
कोणती बांधायची
ते मी अजून ठरवलेलं नाही.