दाराला चिकटवायचा फोटो

साडेसातला क्रास्योच्या शेताच्या पूर्व बांधावर उभं राहायचं,
हे मला सतरा उन्हाळ्यांनी शिकवलंय.
लोकांना वाटतं, सूर्यफूल जन्मभर मान फिरवत राहतं.
कळी फिरते. एकदा उमललं की फूल
पूर्वेकडे तोंड करून बसतं ते बसतंच;
पाठीमागे सूर्य बुडाला तरी वळून बघत नाही.
मला तेच हवं असतं:
समोर हजारो चेहरे, मागून उजेड,
मध्ये कुणीतरी माणूस
उन्हानं कानाच्या पाळ्या लाल झालेलं.

आज इवेलिना आणि तिहोमिर, रविवारी लग्न.
ती उंच टाचा हातात धरून ढेकळांतून येतेय,
तो मधमाश्यांना घाबरतोय
आणि घाबरत नसल्यासारखा शीळ घालतोय.
गिनका त्यांच्याही आधी येऊन बसलेली,
मांडीवर फडक्यात बांधलेली थाळी.
"आधी माझा काढ. यांच्याकडे वेळ आहे."

कशासाठी, ते तिनं सांगितलं
बटाट्याचा भाव सांगावा तसं.
दोब्रुजात माणूस गेलं की कागद लागतो,
दाराला, खांबाला, बसथांब्याच्या काचेला,
चाळीस दिवसांनी नवा, वर्षानं पुन्हा.
तिच्या स्तामेनचा चेहरा ओळखपत्रावरून मोठा केलेला,
कपाळावर शिक्क्याची अर्धी कड.
"नऊ वर्षं झाली," म्हणाली, "घरात शिरताना
मी सरकारी शिक्क्याशी बोलते."

मी म्हटलं, पण तो कागद काळा-पांढरा छापतात.
हा एवढा पिवळा, सगळा राखाडी होणार.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
दूध उतू घालवलेल्या पोराकडे बघतात तसं.
"होऊ दे. मला ओळखणाऱ्यांना कळेल तो पिवळा आहे.
न ओळखणारे थांबतील कशाला?"

मग समुद्राकडून वारा आला,
माझा रिफ्लेक्टर उचलून चौथ्या ओळीत फेकला,
कडेची तार वाकली.
तिचे केस पेटलेले, चेहरा मात्र विहिरीत.
मी लेन्सला शिवी घातली. लेन्सचा काही दोष नव्हता.

गिनकानं फडकं सोडलं.
बानित्साचे तुकडे, आतलं चीज अजून कोमट:
दोन इवेलिनाच्या ओंजळीत, एक माझ्या तोंडात,
उरलेले बांधावरच्या दगडावर, फडक्याखाली.
रिकामी थाळी गवतानं पुसली
आणि तिहोमिरच्या हातात कोंबली.
"धर अशी. लग्नाच्या माणसाला मधमाशी डसत नाही."
(डसते. तिसऱ्या फोटोला डसली.)

थाळीवर सुरीचे ओरखडे, शेकडो,
कितीतरी रविवारांचे चौकोन पाडलेले.
त्या ओरखड्यांसकट उजेड तिच्या गालावर आला,
तुटका, तेलकट, थरथरता.
हसणार का, मी विचारलं.
तिनं मान आडवी हलवली. म्हणजे हो;
आमच्याकडे असंच असतं, परके गोंधळतात.
पण हसली नाही.
हनुवटी जराशी उचलली,
फाटकापाशी कुणी हाक मारली की बघतात तेवढीच.

पाच काढले. सहाव्याला ढग.

पडद्यावर तिनं बराच वेळ पाहिलं,
मागची फुलं पुसट का, विचारलं.
मुद्दाम, मी म्हटलं.
"स्तामेन असता तर पैसे परत मागितले असते."
पैसे मी घेतलेच नव्हते.
क्रास्यो शेतात शिरायचे दहा लेवा घेतो,
तिच्याकडे मागायची त्याची छाती झाली नाही.

पुन्हा वारा.
अख्खं शेत मान वरखाली करत होतं,
म्हणजे आमच्या बोलीत: नाही, नाही,
इतक्यात नाही.

नवरा-नवरीला उरली अकरा मिनिटं.
तिहोमिरचं बोट टरारून सुजलेलं,
रविवारी अंगठी चढेल की नाही याची चिंता,
आणि इवेलिना इतकी हसतेय
की एकही फोटो स्थिर येत नाहीये.
बांधावरून गिनका ओरडून सांगतेय:
साबण लावा. साबण लावला की
सगळं चढतं.