वाटेचं पान

टपालाची पिशवी माझ्या खांद्यावर देण्याआधी
हेल्युनं मला बूट काढायला लावले.
टाचेवर फोड आला होता, बोराएवढा.
ती वाकली, चाकोरीच्या कडेचं एक पान उपटलं,
पाठीवर पाच शिरा, वहीच्या रेघांसारख्या,
मोज्यात सरकवलं आणि म्हणाली, चाल.

मुहू बेटावर याला टेएलेह्त म्हणतात.
टेए म्हणजे वाट, लेह्त म्हणजे पान.
बागेत लावलं तर रुसतं.
गाडीचं चाक, गाईचा खूर, पोरांच्या अनवाणी टाचा
यांच्याखालीच ते मूळ धरतं.

तेरा किलोमीटर, सोळा घरं.
प्रत्येक फाटकाशी तिनं एकेक गोष्ट सांगितली,
पत्त्याबरोबर पाठ करावी अशी:
मधमाशी डसली तर पान चावून लाव, थुंकीसकट.
खालची शिरांची बाजू पू ओढते,
वरची गुळगुळीत बाजू जखम भरून आणते,
उलटं लावलंस तर घाण आतच कोंडशील.
बी रात्रभर भिजवलं की बुळबुळीत होतं, सकाळी कोठा साफ.
लेंबितकडे खोकला मुक्कामाला असतो,
पेन्शनच्या आधी तो मधात मुरवलेला रस मागतो.
डॉक्टर आठवड्यातून एकदा फेरीबोटीनं येतो,
हसतो,
आणि बोट कापलं की गुपचूप हेच गुंडाळतो.

पवनचक्कीपाशी ती थांबली.
पान कापायचं नाही, म्हणाली, ओढायचं.
देठातून पांढरे दोरे लोंबले.
मी आणि आर्वेद मोजायचो.
जितके दोरे, तितक्या थापा आज मारल्यास.
त्याचे नेहमी जास्त निघायचे.

जूनमध्ये ट्रक आला. तो एकोणीस वर्षांचा.
आईनं काळा पाव फडक्यात बांधला,
मग धावत फाटकाबाहेर जाऊन मूठभर पानं आणली.
बूट नवे आहेत, एवढंच म्हणाली.

आणि वाट पाहत बसली.
आमच्याकडे ते शब्दशः वाट पाहणं होतं:
खिडकी, फाटक, वळण, धूळ.
मी टपालात लागले ती एवढ्यासाठी,
की पत्र आलं तर आधी माझ्या हाती पडावं,
वाईट असेल तर आईपर्यंत
सावकाश चालत जाता यावं.

अकरा वर्षांनी पाकीट आलं.
पत्ता अनोळखी अक्षरात, शिक्का अर्धा पुसलेला.
आत कागद नव्हता.
एक वाळलेलं पान.
देठाला दोरे, चार, नखाएवढे.
कुणीतरी ते कापलं नव्हतं. ओढलं होतं.

त्यानं पाठवलं, की त्याला पुरणाऱ्यानं,
हे दोऱ्यांवरून कळत नाही.
आईला दिलंस? मी विचारलं.
दिलं.
रात्रभर दिव्याखाली उलटसुलट करत होती.
कुठली बाजू लावायची
ते तिला ठरवता येईना.

शेवटच्या घरी फक्त एक वर्तमानपत्र, आणि कुत्रं.
मी बूट काढला.
पानाचा काळा चोथा झाला होता,
फोड बसला होता.
हेल्युनं पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली,
रिकामी, तरी पट्टा रुतणारी,
आणि सांगितलं, उद्यापासून साडेसहाला.
फेरीबोट कुणासाठी थांबत नाही.