डावी बाजू

सोहारच्या हॉटेलात रात्री एकला
करक चहावर साय धरते, वाद निवत नाही.
इद्रीस म्हणतो, नऊ नंबर!
तो नसला की आपला क्लब म्हणजे अळणी कालवण.
शाजी गोलकीपरसाठी टेबल बडवतो:
"पेनल्टीच्या रात्री कुठे होता रे तुझा नऊ नंबर?"

शहदाद न्हावी काही बोलत नाही.
खजुराची एक बी चोखून
बशीच्या डाव्या काठाला ठेवतो.

खमीस.
नावावर एक गोल नाही, कुणाच्या शर्टावर नाव नाही.
तो होता तेव्हा
डावीकडे बघावंच लागलं नाही कधी.
गुडघा गेला, आता बंदरात क्रेनवर असतो,
आणि आम्ही सहा सामने
त्याच अंगाने बुडतोय.

शाजी बी उचलतो,
बोटभर मागे सरकवतो.
"इथं. इथं उभा राहायचा."