ओळ कुठून सुरू करायची

महापे, एमआयडीसी. रात्रीचे साडेनऊ.
एसी कधीच बंद झालाय,
आणि मी एडिटरला शिकवते आहे
ओळ कुठून सुरू करायची.

एवढंच करायचं होतं:
महिरपी कंस उघडला की पुढची ओळ चार घरं आत,
मिटला की परत बाहेर. टॅब नको, स्पेस.
सेटिंगच्या फायलीत तीन ओळी,
चहा निवायच्या आत होणारं काम.

पण पाणीपट्टीची ही जुनी फाईल मढवीची.
जगन मढवी, घणसोली गावातला.
आठ घरांचा टॅब मारायचा, तोही मनाला येईल तिथे.
त्याचं 'नाहीतर' 'जर'च्या कितीतरी पुढे,
एक लूप तर थेट भिंतीला टेकलेलं,
पंगत सोडून कुणी दाराशी पान मांडावं तसं.
मध्येच एक टीप:
इथे हात लावू नये. ज. म.
का, ते नाही लिहिलेलं.

मी सगळं निवडलं. एक कळ दाबली.
दोन हजार एकशे चाळीस ओळी
पीटीच्या तासासारख्या हातभर अंतरावर उभ्या.
छान दिसत होत्या, खरंच.
नोंद करून टाकली.

मग सवयीने पाहिलं, कुठली ओळ कुणाची.
सगळ्या माझ्या.
थकबाकीवरचं व्याज माझं,
बंद मीटरची सरासरी माझी,
एकोणतीस फेब्रुवारीचा तो घोळ,
ज्याच्यासाठी तो तीन रात्री इथेच झोपला,
तोही आजच्या तारखेचा, माझ्या नावाचा.
मी फक्त रिकाम्या जागा हलवल्या होत्या.

कोपरीच्या शाळेत गुप्तेबाई
वहीचं पान दुमडून समास पाडायला लावायच्या.
तिकडे काही लिहायचं नाही, म्हणायच्या,
रिकामी दिसली तरी ती जागा कुणाची तरी असते.
तेव्हा वाटायचं, कागद वाया जातो.

वर ढकललं नव्हतं अजून, हे नशीब.
नोंद मागे घेतली.
ओळी पुन्हा वेड्यावाकड्या, आपापल्या जागी.

सेटिंगमध्ये एक ओळ वाढवली:
जुन्याला जुन्यासारखं राहू दे.
त्याच्या टिपेखाली गेले, एंटर मारलं.
कर्सर आपणहून आठ घरं आत जाऊन
लुकलुकत थांबला.
मी लिहिलं:
लावला होता. काढून घेतला. वै. कु.