गळती

एकतीस वर्षं मी गळत्या बंद केल्या.
जलप्रदाय विभाग, इंदूर. छावणीपासून लोधीपुऱ्यापर्यंत
जमिनीखाली कुठे पाझरतंय
ते रात्री दोनला रस्त्याला कान लावून सांगायचो.
लोक म्हणायचे, मुळ्येसाहेब रस्त्याची नाडी बघतात.

निवृत्तीनंतरच्या वैशाखात
रामबागेमागच्या दगडी देवळाची किल्ली
भालचंद्र गुरवानं हातात ठेवली.
"लेकीकडे जाऊन येतो. गळतीकडे तेवढं बघा,
खंड पडू देऊ नका."

मला हसूच आलं.

साखळीला टांगलेलं तांब्याचं पात्र,
बुडाशी भोक, भोकात दर्भाची काडी,
खाली पिंडी.
थेंब.
मग थेंब.
सवयीनं घड्याळ काढलं : मिनिटाला एकशे चाळीस.
दिवसाला दहा लिटर!
आमच्या वहीत याला अपव्ययाचा रकाना होता.

पात्र घेऊन कसेरा बाजारात गेलो.
मांगीलालनं उजेडाकडे धरून पाहिलं,
"भोक पडलंय. बुजवून देऊ?"
"नको. नीट पाडून दे."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातोडीकडे.
बापजन्मात असं गिऱ्हाईक आलं नसावं.

आता मिनिटाला अडुसष्ट.

दुपारी गाभाऱ्यात बसून मी विचार करायचो
की हा देव आमच्याच खात्यातला.
आकाशातून सुटलेलं एवढं पाणी
थेट पडतं तर जमीन फुटली असती;
यानं डोक्यावर घेतलं, जटांत फिरवलं,
दाब मोडला, आणि हवं तेवढंच खाली सोडलं.
विष मात्र पुढे जाऊ दिलं नाही.
गळ्याशीच बंद केलं,
आणि तिथली आग अजून निवायची आहे
म्हणून हा थेंब, वैशाखभर.

त्याची गंगा खाली उतरली.
आमची रेवा पंपांच्या जोरावर घाट चढून वर येते,
इंदूरच्या नळाला, एक दिवसाआड.
ही पिंडीही तिच्याच पात्रातला गोटा,
कुणीतरी बैलगाडीतून आणलेला.
एक गाडीतून आला, एक पाइपातून,
आणि भेट कुठे, तर
मांगीलालनं पाडलेल्या भोकाखाली.

अक्षय्य तृतीयेनंतर घाटात मेन लाइन फुटली.
चार दिवस नळ कोरडे. रामबागेत टँकर,
टँकरमागे हंडे, हंड्यांमागे भांडणं.
मी दर्भाची काडी जाड केली.
मिनिटाला वीस.
तरी पायरीवर बेल विकणारी सोरमबाई
आत डोकावून म्हणालीच,
"साब, भगवान के नल में तो पानी आ रिया हे."

उत्तर नव्हतं. आकडा होता, तो सांगितला नाही.

देवळामागे उत्तरेला गोमुख,
तिथून पाणी पन्हळीत, पन्हळीतून मातीत.
ती पन्हळ ओलांडायची नसते.
प्रदक्षिणा अर्धी करायची, आल्या पावली वळायचं,
हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही;
पायांनाच ठाऊक.
बादली घेऊन गेलो आणि
पाय तिथे थांबले, म्हाताऱ्या बैलासारखे.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.
मग उजवा टाकला.

बादलीच्या तळाशी पहिला थेंब वाजला तेव्हा
पात्रावरच्या थेंबाचा आवाज
मी आजवर ऐकलाच नव्हता असं वाटलं.
संध्याकाळी ओंजळभर जमलं, चारेक.
सोरमबाईनं ते तोंडाला लावलं नाही,
"शंकरजी का हे," म्हणाली,
आणि शेळीला पाजलं.

गुरव आला पौर्णिमेनंतर.
किल्ली घेतली, पात्र पाहिलं, काडी पाहिली,
मागे गेला.
मी शब्द जुळवत उभा : लाइन फुटली होती,
चार दिवस, म्हणजे सोय म्हणून.
तो काहीच बोलला नाही.
धोतर सावरून पन्हळीपलीकडे गेला
आणि बादली दोन बोटं डावीकडे सरकवली.
थेंब काठावर पडत होता.